कर्ण्याचा कंठ



या क्षणी माझे शब्द ज्या वस्तूतून आपल्या कानी पडत आहेत, त्या वस्तूविषयीच आज मला बोलावयाचे आहे. मी एका बंद खोलीत एकटा बसलो आहे. समोर टेबलावर मायक्रोफोन आहे, आणि काचेपलीकडे बसलेले गृहस्थ मला हाताने खूण करीत आहेत की, थोडे मागे सरका. या खोलीच्या भिंती अशा बांधल्या आहेत की माझा आवाज पलीकडच्या बोळातसुद्धा जाऊ नये. आणि तरीही आपण कोणी इंदूरला, कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादेत किंवा दिल्लीच्या एखाद्या सरकारी वसाहतीत बसून तो ऐकत आहात. तेव्हा पहिली गोष्ट प्रामाणिकपणे सांगून टाकतो. आपण ऐकत आहात तो माझा आवाज नव्हे. माझा आवाज या खोलीतच विरला. आपल्या घरात एक लहानसा पडदा माझ्या आवाजाची नक्कल करीत आहे, आणि ती नक्कल इतकी हुबेहूब आहे की माझ्या घरच्या मंडळींनासुद्धा ती ओळखू येते.

या नकलाकाराला ग्रंथांत ध्वनिक्षेपक म्हणतात. शहरात त्याला लाउडस्पीकर म्हणतात, खेड्यात कर्णा, आणि अलीकडे वर्तमानपत्रांत त्याचे नाव भोंगा असे पडले आहे. मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. इतिहास घेऊन एम.ए. झालो आणि महसूल खात्याच्या नोकरीत शिरलो. या नोकरीत ध्वनिक्षेपकाशी माझा संबंध आला तो बहुतेक कागदोपत्री. जत्रेच्या आधीची बैठक, त्यात किती कर्णे लावावयाचे, किती वाजेपर्यंत लावावयाचे, याची चर्चा, आणि शेवटी इतिवृत्तावर सही. त्या कर्ण्याच्या आत काय असते, हे मी चाळिशी उलटेपर्यंत कधी पाहिलेसुद्धा नव्हते. ते का पाहावे लागले, हे पुढे सांगेन.

आपल्या घरी एखादा बिघडलेला जुना रेडिओ असेल तर एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. त्यातील स्पीकर बाहेर काढा आणि विजेरीतला दीड व्होल्टचा साधा सेल घ्या. स्पीकरच्या मागील दोन टोकांना जोडलेल्या तारा सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा आणि लगेच काढा. ‘खट्’ असा आवाज होईल. नीट पाहिले तर तारा टेकताच मधला कागदी पडदा किंचित पुढे सरकतो आणि तारा काढताच जागेवर येतो, असेही दिसेल. आता सेल उलटा करून तारा टेकवा. पडदा मागे ओढला जाईल. ध्वनिक्षेपकाचे सारे शास्त्र या एका ‘खट्’मध्ये आहे. वीज एका दिशेने गेली की पडदा पुढे, उलट दिशेने गेली की मागे. आपण हाताने सेकंदाला फार तर चार-पाच वेळा सेल उलटसुलट करू शकू. पण हीच उलटापालट सेकंदाला सुमारे २७७ वेळा झाली, तर त्या खट्खटीचा एक सलग सूर होतो. हार्मोनियम वाजविणाऱ्यांनी ओळखलेच असेल, तो काळी एकचा षड्ज.

पडदा का हलतो? १८२० साली कोपनहेगन येथील ओर्स्टेड या प्राध्यापकाला असे दिसून आले की तारेतून वीज वाहू लागली की शेजारची होकायंत्राची सुई वळते. याचा अर्थ असा की वीज वाहणारी तार ही घटकाभर चुंबकासारखी वागते. मग तार अचल ठेवून चुंबक हलविता येतो, तसा चुंबक अचल ठेवून तारही हलविता येईल. स्पीकरच्या पाठीला जे जड लोखंडी चाक दिसते तो हा अचल चुंबक. त्याच्या मध्यभागी जेमतेम मिलिमीटरभर रुंदीची एक वर्तुळाकार फट असते, आणि त्या फटीत तांब्याच्या बारीक तारेची एक गुंडाळी अधांतरी धरलेली असते. अधांतरी म्हणजे अक्षरशः अधांतरी. आतल्या भिंतीलाही टेकायचे नाही, बाहेरच्या भिंतीलाही टेकायचे नाही, फक्त पुढेमागे सरकायचे. तिला असे नेमके मध्यावर धरून ठेवणारी एक चुण्याचुण्यांची कापडी चकती असते. कारागीर तिला स्पायडर म्हणतात. गुंडाळीला चिकटवलेला असतो कागदाचा शंकू. वीज गुंडाळीला ढकलते, गुंडाळी कागदाला ढकलते, कागद हवेला ढकलतो, आणि हवा आपल्या कानाच्या पडद्याला.

येथे एक शंका मला बरेच दिवस छळीत होती, आणि ती आपल्यालाही पडली असेल. गाण्याच्या मैफलीत गायकाचा आवाज असतो, मागे तंबोरा असतो, तबल्यावर एका हाताचा घुमारा आणि दुसऱ्या हाताची टणत्कारी चाट असते, आणि शिवाय कोणीतरी खोकत असते. स्पीकरात तर पडदा एकच. तो एकाच वेळी तंबोऱ्यासारखा संथ आणि तबल्यासारखा तडफदार कसा हलतो? याचे उत्तर असे की तो दहा वाद्यांसाठी दहा हालचाली करीतच नाही. तो एकच हालचाल करतो, आणि ती त्या साऱ्यांची बेरीज असते. एखाद्या तळ्यात मोठी लाट संथपणे येत असावी, तिच्या पाठीवर वाऱ्याने उठलेले लहान तरंग असावेत, आणि त्या तरंगांवर पावसाच्या थेंबांची शहारी असावी. तळ्यात तरंगणारे एक पान या तिन्हींच्या बेरजेप्रमाणे वरखाली होते. स्पीकरचा कागद म्हणजे ते पान. आणि यात नवल वाटण्याजोगे काही असेल तर ते स्पीकरात नसून आपल्या कानात आहे. कारण कानाचा पडदाही एकच, तोही ती एकच वेडीवाकडी हालचाल घेतो, आणि त्यातून हा तंबोरा, हा तबला, आणि हे खोकणारे गृहस्थ, अशी वजाबाकी अंतःकर्ण आणि मेंदू मिळून क्षणार्धात करून मोकळे होतात. यंत्राने बेरीज करावी आणि माणसाने वजाबाकी, अशी ही वाटणी आहे.

या यंत्राचा इतिहास सांगण्याचा मोह मला आवरावयास हवा, कारण तो माझा विषय असल्याने लांबेल. चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या गुंडाळीची कल्पना जर्मनीत १८७४ सालीच सुचलेली होती. परंतु ती हलवण्याजोगी जोरकस वीज आवाजापासून मिळविण्याचे साधन त्या काळी नव्हते, म्हणून ती कागदावरच राहिली. खात्यात अशा पुष्कळ कल्पना मी पाहिल्या आहेत. पुढे कॅलिफोर्नियातील नापा या गावी पीटर जेन्सन हा डेन्मार्कमधून आलेला तंत्रज्ञ आणि त्याचा सहकारी एडविन प्रिडहॅम हे दोघे टेलिफोनचे श्रवणयंत्र सुधारण्याच्या खटपटीत होते. त्यांनी त्या यंत्राला ग्रामोफोनचा कर्णा लावून पाहिला, आणि छपरावर ठेवलेल्या त्या कर्ण्यातून निघालेला शब्द दूर शिवारात ऐकू गेला. ही १९१५ ची गोष्ट. त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी सान फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढील प्रचंड जमावाला त्यांनी कर्ण्यातून संगीत ऐकविले. चार वर्षांनी, १९१९ च्या सप्टेंबरात, अध्यक्ष विल्सन यांनी सॅन डिएगोच्या क्रीडांगणावर सुमारे पन्नास हजार लोकांपुढे राष्ट्रसंघाची बाजू मांडली ती याच जातीच्या कर्ण्यांतून. त्यापूर्वी एवढ्या सभेला ऐकू जाईल असे बोलणे हे छातीचे काम होते, ते आता विजेचे झाले. आपल्याकडील गांधीजींच्या आणि नेहरूंच्या सभांची जुनी छायाचित्रे आपण पाहिली असतील. त्यांत मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ अशी अक्षरे दिसतात. नाव परदेशी असले तरी पेढी मोटवानी या भारतीय कुटुंबाची होती, हे पुष्कळांना माहीत नसते.

आपल्या दिवाणखान्यातील कर्ण्यावाचून बोलणारा स्पीकर मात्र राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकन अभियंत्यांचा. त्यांनी १९२५ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या कामातील मर्माची गोष्ट अशी. प्रत्येक ताणलेल्या वस्तूला स्वतःचा एक आवडता सूर असतो. पितळेचे पातेले कशानेही वाजवा, ते आपलाच सूर काढणार. पूर्वीच्या यंत्रांतील पडदेही असेच हट्टी होते, कोणीही बोलले तरी ते आपल्या आवडत्या सुराच्या वेळी किंचाळत. राइस आणि केलॉग यांनी पडदा इतका सैल टांगला की त्याचा आवडता सूर अगदी खाली, खर्जाच्या तळाशी गेला. मग वरच्या सर्व सप्तकांत त्याला स्वतःचे म्हणणे उरले नाही, आणि तो दुसऱ्याचे म्हणणे निमूटपणे सांगू लागला. आज मोबाईल फोनच्या पोटात नखाएवढा स्पीकर असतो. त्याचीही जात हीच. शंभर वर्षांत साहित्य पालटले, चुंबक लहान आणि बलवान झाले, पण गुंडाळी, फट आणि पडदा ही त्रयी कायम आहे.

आता थोडे हवेविषयी. हवा हा मोठा निसटता पदार्थ आहे. उघड्या हातात पंखा न घेता हवा हलवून पाहा, हात सहज फिरतो आणि वारा काही लागत नाही. पडद्याचीही हीच अडचण. तो हवेला पुढून ढकलू लागला की हवा कडेने वळसा घालून त्याच्या पाठीमागे पळते, कारण पडदा पुढे गेला की पाठीमागे पोकळी होते. पुढचा दाब आणि मागची पोकळी एकमेकांना भेटून मोकळी होतात. बारीक, उंच सुरांना ही पळवाट तितकी सापडत नाही, कारण त्यांच्या लाटाच आखूड असतात, एखाद्या सुराची बोटभर तर एखाद्याची वीतभर. पण खर्जाची लाट दोन-तीन मीटर लांब असते, ती सहज वळसा घालते. म्हणून पेटीतून काढलेला स्पीकर केविलवाणा वाजतो. मघाचा जुना स्पीकर मोकळा वाजवा, आणि मग स्पीकरच्या मापाचे भोक पाडलेल्या मोठ्या फळीला टेकवून वाजवा. त्याच गाण्यात एकदम भरदारपणा आलेला आढळेल. स्पीकरची पेटी ही शोभेची वस्तू नाही. पुढची हवा आणि मागची हवा यांची भेट होऊ न देणे, हे तिचे मुख्य काम आहे.

आणि इतके करूनही हिशेब पाहिला तर तो माझ्यासारख्या सरकारी माणसालासुद्धा लाजविणारा आहे. घरगुती स्पीकरला शंभर भाग वीज दिली तर तीतील साधारण एक भाग आवाज होतो. उरलेले नव्याण्णव भाग उष्णता होऊन गुंडाळीत तापतात. तरीही हे चालते, याचे कारण आपल्या कानांची काटकसर. माणूस सामान्य आवाजात बोलतो तेव्हा त्याच्या मुखातून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती एका वॅटच्या लाखाव्या भागाच्या आसपास असते. आषाढीला पंढरपूरच्या वाळवंटात एक लाख वारकरी एकाच वेळी साध्या आवाजात बोलू लागले, तर त्या साऱ्यांच्या बोलण्याची मिळून शक्ती भरेल एक वॅट. तेवढ्यावर दिवाळीतला एक छोटा रंगीत दिवा मिणमिणेल. समोरासमोर बोलताना हवेच्या दाबात जो फरक पडतो तो एकंदर वातावरणाच्या दाबाचा सुमारे पन्नास लाखावा हिस्सा असतो. एवढ्याशा थरथरीवर माणसांचे भांडण होते, लग्न जुळते आणि न्यायालयात साक्ष होते.

कर्णा ही या गळतीवरची एक जुनी युक्ती आहे. कर्ण्याच्या अरुंद टोकाला, म्हणजे त्याच्या कंठाशी, एक लहान पण ताठ पडदा असतो. कंठातील हवा चहूबाजूंनी कोंडलेली, तिला पळून जावयास जागा नाही. म्हणून पडद्याला ढकलण्यासाठी काहीतरी घट्ट हाताशी लागते. पुढे कर्णा हळूहळू, ठरलेल्या वळणाने रुंदावत जातो, आणि कंठातील लहानशा हवेचा मोठा दाब तोंडाशी येईपर्यंत मोठ्या हवेच्या लहान दाबात बदलतो. तरफेने जड धोंडा उचलावा तसे हे आहे. मोठा कर्णा शंभरातील दहा, वीस, क्वचित तीस भागसुद्धा विजेचे आवाजात रूपांतर करू शकतो. देवळांवर आणि सभामंडपांवर जो राखी रंगाचा कर्णा दिसतो, त्यात आवाज आत एकदा पुढे, एकदा मागे आणि पुन्हा पुढे असा वळसे घेत येतो, म्हणजे लांब कर्ण्याची घडी घातलेली असते. त्याच्या मागे वाटीसारखा जो भाग मळसूत्राने बसविलेला असतो, त्याला बाजारात युनिट म्हणतात. कर्णा म्हणजे नुसते तोंड, बोलणारा जीव तो त्या युनिटात.

आता मी सुरुवातीला टाळलेली गोष्ट सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांना आलेला महापूर आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या दिवसांत मी त्या भागातील एका नदीकाठच्या गावी मुक्कामाला होतो. गावाचे नाव सांगत नाही. धोका नको म्हणून वीज बंद केलेली होती. मोबाईलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या उतरत चालल्या होत्या आणि फोन मुके होत होते. गावाच्या देवळावर चार कर्णे होते आणि मोटारीच्या बारा व्होल्ट बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर होता. रात्री अकराच्या सुमारास निरोप आला की पाणी अपेक्षेपेक्षा वेगाने चढणार. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिक्षेपक लावू नये, असा २००० सालच्या नियमांचा दंडक आहे, आणि सार्वजनिक आणीबाणी हा त्याला अपवाद आहे. तो अपवाद माझ्या वाट्याला त्या रात्री आला. मी स्वतः मायक्रोफोन हाती घेतला आणि नदीकाठच्या वस्तीने घरे सोडून शाळेत यावे, असे पाऊण तास पुनःपुन्हा सांगत राहिलो. कर्णे खणखणीत वाजत होते. वरच्या आळीतील माणसे, ज्यांना येण्याची तितकी निकड नव्हती, ती कंदील घेऊन आली. खालच्या वस्तीतून कोणी आले नाही. मला वाटले, सामानसुमान आवरीत असतील. मनात थोडा रागही आला, तोही सांगतो.

शेवटी कोतवालाला पाठविले. तो कमरेइतक्या पाण्यातून गेला आणि त्याने दारे ठोठावली. पहाटेपर्यंत सारी माणसे शाळेत आली. माणसे सगळी वाचली. दोन म्हशी दावणीलाच बुडाल्या, आणि एका घरातील वर्षाचे धान्य कणगीसकट गेले. त्या घरच्या म्हातारीला मी म्हणालो, “आजी, इतका वेळ ओरडत होतो, तुम्ही लवकर का नाही निघालात?” ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, “साहेब, तुमचं ओरडणं वरच्या आळीला गेलं असंल. आमच्याकडं नुसता पाऊस हुता.”

पाणी ओसरल्यावर कर्णे खाली काढले. चारांपैकी दोन मुके होते, आणि ते दोन नेमके खालच्या वस्तीकडे तोंड करून लावलेले. गावात विहिरीवरच्या मोटारी भरून देणारा एक कारागीर होता. त्याने मळसूत्र फिरवून युनिट उघडले आणि पडदा माझ्या हातावर ठेवला. त्याला चिकटलेली गुंडाळी कोळशासारखी काळी पडली होती, आणि तारेचे वेढे सुटून लोंबत होते. “कॉइल जळालीया, साहेब,” तो म्हणाला, “आन् ही पुरातली न्हवं. जत्रंतली हाय. मशीन फुल्ल केलं हुतं न्हवं का.” जत्रा एप्रिलात झाली होती. चारांपैकी दोन गप्प झाले, तरी उरलेले दोन वाजतच होते. देवळाजवळ उभ्या असलेल्या माणसाला फरक कळला नाही. त्या जत्रेच्या बैठकीच्या इतिवृत्तावर माझी सही होती. रात्री दहाला आवाज बंद झाला, एवढ्यावर आम्ही सारे समाधानी होतो. दहापर्यंत त्या तांब्याच्या तारेचे काय झाले, हे पाहण्याचे कोणाला सुचले नाही.

त्या काळ्या गुंडाळीने मला या विषयाकडे आणले. मशीन ‘फुल्ल’ केल्यावर नेमके काय होते, हे मी नंतर जाणत्यांकडून समजावून घेतले. प्रत्येक ॲम्प्लिफायरची एक मर्यादा असते. बॅटरीच्या आणि भागांच्या कुवतीपलीकडे तो विजेची लाट उंच करू शकत नाही. बटण त्यापुढे फिरविले तर लाटेचे गोल शेंडे कापले जातात आणि लाट सपाट माथ्याची, चौकोनी होत जाते. कानाला ते खरखरीत, फाटलेले लागते. पण मुख्य अनर्थ कानाचा नव्हे. त्याच उंचीची पूर्ण चौकोनी लाट गोल लाटेच्या दुप्पट शक्ती वाहून नेते. म्हणजे शंभर वॅटचे म्हणून घेतलेले यंत्र युनिटात दोनशे वॅटपर्यंत ओतू लागते, आणि त्या ओतण्यातील फारच थोडा भाग आवाज होऊन बाहेर पडतो. बाकीचा ताप त्या मिलिमीटरभर फटीत कोंडतो. तांबे तापले की विजेला जास्त अडविते. वीस अंशांवरून दोनशे अंशांवर गेलेल्या गुंडाळीचा अडथळा सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढतो, आणि आवाज कमी होतो. आवाज कमी झाला म्हणून यंत्रापाशी बसलेला उत्साही तरुण बटण आणखी पुढे फिरवितो. यानंतर गुंडाळीवरचे रोगण जळते, वेढे सुटतात, आणि तो कर्णा कायमचा गप्प होतो.

आणि मिळते काय? विजेची शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. तेवढा फरक ध्यान देऊन ऐकणाऱ्यालाच जाणवतो. आवाज दुप्पट झाला असे कानाला वाटावयास शक्ती दहापट करावी लागते. निवासी भागासाठी नियमांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हे दहांचे अंतर कागदावर किरकोळ दिसते, परंतु शक्तीच्या हिशेबात दिवसाची मुभा रात्रीच्या दहापट आहे. आमच्या बैठकांत हे आकडे वाचून दाखविले जातात. त्यांचा अर्थ सांगितलेला मी ऐकला नाही, आणि मीही तोवर सांगितला नव्हता.

त्या रात्रीची आणखी एक चूक मात्र सर्वस्वी माझी होती, तिच्यात कर्ण्याचा काही दोष नव्हता. आपल्या बोलण्यात स्वरांचा जोर मोठा आणि व्यंजनांचा अगदी थोडा असतो. पण शब्दाचा अर्थ बहुतांशी व्यंजनावर टांगलेला असतो. ‘पूर’, ‘दूर’ आणि ‘सूर’ हे शब्द घ्या. तिघांतील ‘ऊ’ सारखाच, फरक काय तो पहिल्या अक्षराच्या क्षणभराच्या फुंकरीचा. ही फुंकर उंच, बारीक लाटांची बनलेली असते. पाऊस, वारा आणि अंतर यांत आधी तीच हरवते. लांबून कानी येतो तो नुसता ‘ऊर’. शिवाय आवाज सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर चालतो. एक कर्णा जवळ आणि दुसरा पावणेदोनशे मीटर लांब असेल तर दुसऱ्याचा शब्द अर्ध्या सेकंदाने मागून येतो आणि पहिल्याच्या पुढच्या शब्दावर बसतो. मी त्या रात्री घाईघाईने, लांब लांब वाक्ये बोलत होतो. वरच्या आळीतील एका शिक्षकाने नंतर मला सांगितले की त्यांनाही सारे शब्द कळले नव्हते. साहेब एवढा वेळ बोलतात त्या अर्थी काही विपरीत असले पाहिजे, असे समजून ते निघाले होते! आता मी अशा वेळी ‘पूर’ हा शब्द वापरतच नाही. ‘पाणी वाढते आहे’ असे म्हणतो. तीन शब्द, मग थांबणे, मग वस्तीचे नाव, मग पुन्हा थांबणे, मग ‘शाळेत या’. थांबण्याच्या त्या वेळात लांबच्या कर्ण्याचा शब्द येऊन पोहोचतो आणि विरतो.

जाता जाता एक मौज सांगण्यासारखी आहे. पडदा विजेने हलतो, तसा पडदा हलविला तर वीज उत्पन्न होते. फाटकाजवळच्या काही बोलक्या यंत्रांत एकच लहान स्पीकर बोलण्याचेही काम करतो आणि ऐकण्याचेही. माझ्यासमोरच्या अनेक मायक्रोफोनांची रचना तर तंतोतंत तीच असते, तीच फट आणि तीच गुंडाळी, फक्त पडदा हलका. त्या अर्थाने देवळावरचा मुका कर्णा आणि हा समोरचा मायक्रोफोन सख्खी भावंडे आहेत.

दोन्ही युनिटांतील पडदे पुढे बदलले. कारागिराने ते गुंडाळीसकट नवे आणून बसविले. मोटारीची तार भरणे त्याच्या हातचे, पण ही केसासारखी तार घरी भरणे जमत नाही, असे तो म्हणाला. म्हातारीच्या म्हशींची नुकसानभरपाई नियमाप्रमाणे झाली. धान्याचे तिने काही विचारले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या अखेरीस, मी त्या बाजूला कामानिमित्त गेलो होतो. देवळाच्या पायऱ्यांवर त्या कारागिराचा दहा-बारा वर्षांचा मुलगा बसला होता. चार कर्ण्यांच्या तारा यंत्रापासून सोडवून त्याने समोर ओळीने मांडल्या होत्या, आणि हातात विजेरीतला सेल होता. खालच्या वस्तीच्या टोकाला एक पोर उभे होते. हा सेल टेकवायचा आणि मान वर करून वाट पाहायचा. पलीकडचे पोर हात वर करायचे. मग हा दुसऱ्या तारेकडे वळायचा. मी तेथे उभा होतो तेवढ्यात चारही झाले. खट्, खट्, खट्, आणि थोडा बारीक, पण खट्.